बंद पडलेला लोहमार्ग पुन्हा सुरू करावा काय ?

(आटगाव येथील समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, वार्षिक हिशेब वाचून झाला, आणि आता भोजनापूर्वीचा थोडा वेळ चिटणिसांनी आमच्या स्वाधीन केला आहे. विषय आहे वऱ्हाडातील बंद पडलेल्या ‘शकुंतला’ रेल्वेचा. कार्यकारी मंडळात हा विषय निघाला तेव्हा एका सभासदांनी रोखठोक विचारले, “वऱ्हाडची गाडी चालली काय आणि थांबली काय, शहापूर-मुरबाडच्या कुणब्याला त्याचे काय ?” प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

आपल्या समाजाची घरे दोन तालुक्यांत विभागलेली आहेत. शहापूर तालुक्यातून आगगाडी जाते, मुरबाड तालुक्यात ती नाही. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंतचा मार्ग खुला झाला. म्हणजे आटगावच्या शिवारातून गाडी जाऊ लागल्यास दीडशेहून अधिक वर्षे झाली. पुढे थळ घाट फोडून १८६५ साली ती इगतपुरीस गेली. आपल्यापैकी कित्येक घरांतील मुलगे पहाटेची कसारा लोकल धरून कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात आणि रात्री आपल्या घरी जेवावयास परत येतात. घरही सुटत नाही आणि नोकरीही सुटत नाही, हे भाग्य लोहमार्गाने दिले. मुरबाडकडील आपल्या सोयऱ्यांच्या वाट्यास ते आले नाही. तेथील मुलास कल्याण गाठण्यासाठी रस्त्यावरच्या गर्दीशी झगडावे लागते, अथवा गाव सोडून खोली घ्यावी लागते. कल्याणहून उल्हासनगरमार्गे मुरबाडपर्यंतचा सुमारे २८ किलोमीटरचा नियोजित मार्ग वर्षानुवर्षे चर्चेत आहे. मुरबाडकर अद्याप गाडीची वाट पाहत आहेत.

आता ध्यानी घ्या की, वऱ्हाडातील गाडीला जो न्याय लावला जाईल तोच उद्या मुरबाडच्या गाडीला लावला जाणार आहे. “जो मार्ग स्वतःचा खर्च भागवीत नाही तो बंद करावा” असे आपण आज डोळे मिटून म्हटले, तर “जो मार्ग खर्च भागवील की नाही याची शाश्वती नाही तो बांधूच नये” असे उद्या आपल्यालाच ऐकावे लागेल. उलट, “खर्चाचा विचारच नको, गाडी हवी म्हणजे हवी” असे म्हटले, तर जाणते लोक आपल्याला हसतील. तेव्हा या प्रश्नात न्याय कोणता, हे शांतपणे ठरविण्यात आपला स्वार्थ आणि परमार्थ दोन्ही आहेत.

प्रथम या मार्गाची हकीकत सांगतो. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मार्गावरील जंक्शन. तेथून अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या अरुंद रुळांचे दोन फाटे निघतात. एक कारंजा, दारव्हा यांवरून यवतमाळला जातो. त्याची लांबी सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव यांवरून अचलपूरला जातो; तो सुमारे ७६ किलोमीटरचा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत हे काम झाले. किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी पेढीच्या पुढाकाराने ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’ स्थापन झाली आणि तिच्या मालकीचे हे रूळ. हेतू उघड होता. वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस सरकीपासून वेगळा करून, गाठी बांधून मूर्तिजापुरास आणावयाचा, तेथून मुंबई बंदरास आणि बंदरातून विलायतेतील गिरण्यांस धाडावयाचा. शेतकऱ्याच्या सोयीसाठी कोणी हा खर्च केला नव्हता. परंतु गाडी आली म्हणजे गाठींबरोबर माणसेही बसतात. कारंज्यास नृसिंहसरस्वतींच्या दर्शनास जाणारे भाविक, बाजारकरी, कचेरीच्या कामासाठी जिल्ह्यास जाणारे कुळंबी, माहेरवाशिणी, शाळेची मुले या सर्वांनी ती गाडी आपलीशी केली आणि तिला ‘शकुंतला’ हे लाडके नाव मिळाले. ज्या गाडगेबाबांचे नाव आपण आदराने घेतो त्यांची जन्मभूमी शेंडगाव, तेही याच अंजनगाव तालुक्यातले.

१९५१-५२ च्या सुमारास देशातील रेल्वेची पुनर्रचना होऊन मध्य रेल्वे जन्मास आली. तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवावयाची सरकारी रेल्वेने, आणि रुळांचा मोबदला जावयाचा खाजगी मालकास, अशी ही विचित्र व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके चालली. तिचे फळ काय झाले ते शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. खंडाने घेतलेल्या शेताला कूळ बांध घालीत नाही आणि दूर राहणारा मालकही घालीत नाही. शेत मात्र दरवर्षी वाहून जाते. तसेच या मार्गाचे झाले. मँचेस्टरहून आलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे तब्बल सत्तर वर्षे हीच गाडी ओढीत होते. १९९४ साली त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. रूळ जुनेच राहिले, म्हणून वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास अडकला. स्थानकांवर तिकीट देण्यास माणूस उरला नाही. गार्डानेच उतरून तिकिटे द्यावीत अशी स्थिती आली. अखेर गेल्या काही वर्षांत दोन्ही फाट्यांवरील गाड्या एकामागून एक थांबल्या. त्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून वऱ्हाडात सभा झाल्या, निवेदने गेली, सत्याग्रहही झाले. २०१६ साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, हा मार्ग रुंद रुळांचा करण्याचा विचार पुढे आला. गाडी मात्र अजून उभीच आहे.

आता दोन्ही बाजू पाहू. मार्ग पुन्हा सुरू करू नये असे म्हणणाऱ्यांना आपण शत्रू मानू नये. त्यांचे म्हणणे असे : १९४८ साली एस. टी. सुरू झाली आणि ती गावाच्या वेशीपर्यंत पोचली. गाडीचे स्थानक मात्र पुष्कळदा गावापासून दूर. बस ज्या गावी दोन-अडीच तासांत नेते तेथे ही गाडी निम्मा दिवस घेणार. भाडे कमी हे तिचे एक बलस्थान होते, परंतु २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले आणि पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना तर त्याआधीच फुकट प्रवास मिळू लागला. मग हे बलस्थानही दुबळे झाले. कापूस मालमोटारीत चढला तो परत रुळांवर येईलच याची खात्री नाही. कारण अरुंद रुळांवरून आलेली प्रत्येक गाठ मूर्तिजापुरास उतरवून रुंद रुळांच्या वाघिणीत पुन्हा चढवावी लागे, आणि त्या हमालीत वेळ व पैसा दोन्ही जात. शिवाय वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रुंद मार्ग होतच आहे. त्यापैकी वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरूही झाला. यवतमाळला नवी गाडी मिळणार असता जुनीवर पैसा का घालावा ? तोच पैसा दवाखान्यावर, पाण्यावर घालावा.

हे आक्षेप वजनदार आहेत. परंतु त्यांतील एकेक उलगडून पाहिला म्हणजे वेगळे चित्र दिसते. वेग कमी होता हे खरे, पण तो रुळांच्या दुरवस्थेमुळे कमी होता. बैलास वर्षभर उपाशी ठेवावे आणि मग नांगर ओढत नाही म्हणून बाजारात न्यावे, असा हा प्रकार. गाठी उतरवण्याची अडचण रुंदी बदलल्याने आपोआप नाहीशी होते. ती अरुंद रुळांची अडचण आहे, लोहमार्गाची नव्हे. नव्या वर्धा-नांदेड मार्गाने यवतमाळची सोय होईल हे मान्य. पण कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर यांना त्याचा काय उपयोग? दिशाच वेगळी. आणि तोट्याविषयी म्हणाल, तर एक गोष्ट नेहमी विसरली जाते. रस्ता सरकार बांधते, दुरुस्त करते, आणि त्यावरून धावणाऱ्या प्रत्येक मोटारीकडून त्या रस्त्याचा पूर्ण खर्च आपण मागत नाही. लोहमार्गाने मात्र स्वतःची वाट स्वतःच्या कमाईतून राखावी अशी अपेक्षा धरतो. एकाच घरातील दोन भावांना दोन मापे लावली तर हिशेब कसा जुळावा ?

इतर ठिकाणांचे अनुभवही पाहावेत. पहिला आपल्याच राज्यातील बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली बार्शीची ही अडीच फुटी गाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरज अशी पसरली, आणि १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. तीही मंद होती, तीही तोट्यात असल्याचे सांगितले जाई. परंतु तिचा त्याग न करता टप्प्याटप्प्याने रूळ रुंद करण्यात आले आणि सुमारे २०११ पर्यंत सर्व मार्ग बदलला. पुढे काय घडले ते आपण सर्वांनी ऐकले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले असता एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेले, आणि पुढे पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली. ज्या मार्गाने ती गेली तो हाच जुन्या बार्शी गाडीचा मार्ग. तो तोट्याचा म्हणून उखडला असता, तर त्या दिवशी लातूरकरांच्या घागरी कोणत्या हिशेबाने भरल्या असत्या ? तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा पाण्याच्या गाडीचे मोल आम्ही आपणांस काय सांगावे !

दुसरा अनुभव शेजारच्या माथेरानचा. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही दोन फुटी गाडी १९०७ साली सुरू झाली. २००५ च्या अतिवृष्टीत ती उद्ध्वस्त झाली, २००७ साली पुन्हा चालू झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मोडली, २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा नेरळहून निघाली. तेथे पर्यटक आहेत, म्हणून दर वेळी दुरुस्तीस कोणीतरी उभे राहिले. वऱ्हाडच्या गाडीत कापूसवाले, बाजारकरी आणि विद्यार्थी होते, म्हणून ती विसरली गेली, असे कोणी म्हटले तर त्यास काय उत्तर द्यावे ?

तिसरा अनुभव हिमाचलातील कांगडा खोऱ्याचा. दुसऱ्या महायुद्धात तेथील नगरोटा ते जोगिंदरनगर हा तुकडा उखडून लोखंड युद्धकार्यास नेले. स्वराज्य आल्यावर १९५४ साली तो पुन्हा घातला गेला. चौथा अनुभव सातासमुद्रापलीकडचा. स्कॉटलंडमधील एडिंबरोहून दक्षिणेकडे जाणारा जुना मार्ग तोट्याचा म्हणून १९६९ साली बंद केला, रूळ काढून टाकले. त्या मुलखातील लोकांनी पिढीभर मागणी लावून धरली, तेव्हा २०१५ साली त्यापैकी सुमारे पन्नास किलोमीटर मार्ग पुन्हा बांधून झाला आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक प्रवास त्यावरून झाले. पण त्यात एक कडू बोधही आहे. मधल्या काळात जुन्या मार्गाच्या जागेवर ठिकठिकाणी बांधकामे उभी राहिली होती, पूल गेले होते. म्हणून गमावलेली वाट परत मिळविणे फार महाग पडले. बंद करणे सहीचे काम, उघडणे पिढीचे काम.

मग वऱ्हाडच्या मार्गाचे करावे काय ? तीन मार्ग सुचविले जातात. पहिला, जशी होती तशी अरुंद गाडी पुन्हा चालवावी, जुन्या काळची आठवण म्हणून. आम्हांस हे पटत नाही. हौशी लोकांना मौज वाटेल, पण अंजनगावच्या विद्यार्थ्यास वेळेवर महाविद्यालय गाठता येणार नाही. आणि आठवणीवर गाडी फार काळ चालत नाही. दुसरा, रूळ काढून त्या पट्ट्यावर रस्ता करावा. हेही पटत नाही, कारण रस्ते तेथे आहेतच. एकदा पट्टा गेला की पुन्हा मिळणार नाही. तिसरा, रूळ रुंद करून मार्ग मुख्य रेल्वेशी अखंड जोडावा. आमचे मत या तिसऱ्या मार्गास आहे. मात्र काही अटींवर.

पहिली अट जमिनीची. जुन्या मार्गाची जागा आयती आहे, म्हणून शेतकऱ्याची जमीन जाणार नाही, असे सर्रास सांगतात. हे अर्धसत्य आहे. रुंद रुळांना पट्टा अधिक लागतो आणि अरुंद मार्गाची तीव्र वळणे सरळ करावी लागतात. तेथे नवी जमीन लागणारच. धरणे, पाण्याच्या नळवाहिन्या, राष्ट्रीय महामार्ग आणि अलीकडे समृद्धी महामार्ग यांसाठी ज्या तालुक्याने जमिनी दिल्या, त्या तालुक्यातील आपण, हे प्रथम विचारले पाहिजे. किती एकर, कोणाची, कोणत्या भावाने, आणि पैसे भूसंपादनापूर्वी की नंतर, हे कागदावर आल्यावाचून होकार देऊ नये.

दुसरी अट मालकीची. जुन्या कंपनीचा हक्क आणि सरकारचा हक्क यांचा निवाडा एकदाच आणि कायमचा व्हावा. दोन मालकांच्या गोठ्यातले जनावर पुन्हा उपाशी मरू नये.

तिसरी अट वेळापत्रकाची. दिवसातून एकच गाडी, तीही भलत्या वेळी सोडावयाची, आणि प्रवासी येत नाहीत म्हणून वर्षभरात बंद करावयाची, हा अनुभव ठिकठिकाणी आला आहे. सकाळी शाळा-कचेरीच्या आधी आणि सायंकाळी सुटीनंतर गाडी असेल, मूर्तिजापुरास पुढची गाडी लगेच मिळेल, स्थानकावर एस. टी.ची बस उभी असेल, तरच त्या मार्गाची परीक्षा झाली असे म्हणता येईल. गाडी आणि एस. टी. एकमेकींच्या सवती होऊ नयेत; त्यांनी जावांप्रमाणे एका घरात काम वाटून घ्यावे.

चौथी अट, जी आपल्याच हाती आहे, ती मोजणीची. नाटकातल्या शकुंतलेला राजा ओळखीना, कारण ओळखीची अंगठी हरवली होती. आजच्या काळात ही अंगठी म्हणजे आकडे. किती मुले, किती नोकरदार, किती माल, कोणत्या महिन्यात, कोणत्या गावाहून कोणत्या गावी, हे मांडता आले नाही तर मागणी कितीही न्याय्य असली तरी सरकारदरबारी ओळख पटत नाही. घोषणांनी सभा जिंकता येते, गाडी मिळत नाही.

आणि येथेच आपल्या समाजाचे कर्तव्य सुरू होते. वऱ्हाडातील मोजणी वऱ्हाडातील बांधव करतील. मुरबाडची मोजणी आपण करू शकतो. आपल्या सभासद कुटुंबांची यादी चिटणिसांपाशी आहेच. प्रत्येक घरातून कोण, कोठे, किती वेळा जातो. भेंडी, काकडी, दूध, भात यांचा किती माल कल्याणच्या बाजारास जातो. प्रवासास किती वेळ आणि किती पैसे लागतात. कोणत्या मुलीचे शिक्षण केवळ ये-जा जमत नाही म्हणून थांबले, ही माहिती एका साध्या तक्त्यावर भरून घ्यावी. म्हशाच्या यात्रेस दोन्ही तालुक्यांतील लोक एकत्र येतात. तेथे इतर समाजांच्या मंडळींनाही या कामात घ्यावे. गाडीत डबे ज्ञातीवार नसतात, तेव्हा मागणीही ज्ञातीपुरती असू नये. ठाकूर, कातकरी, आगरी, कोळी, वाणी, सर्वांची माणसे त्या तक्त्यात यावीत. येत्या संमेलनापर्यंत हे काम तडीस गेले, तर पुढील स्मरणिकेत जाहिरातींच्या पानांआधी ते आकडे छापावेत आणि त्याच अंकाची प्रत निवेदनास जोडावी, अशी आमची सूचना आहे.

कोणी म्हणेल, आकड्यांतून हिशेब प्रतिकूल निघाला तर ? तर तोही प्रामाणिकपणे मांडावा. गाडीऐवजी अधिक बसगाड्या आणि बरा रस्ता हेच उत्तर निघाले, तर ते मागावे. आपल्याला गाडीचा अभिमान बाळगावयाचा नाही. मुरबाडच्या मुलाने रात्री घरी जेवावे आणि तरीही त्याला चांगली नोकरी करता यावी, एवढेच आपल्याला हवे आहे. परंतु मोजण्यापूर्वीच नाही म्हणणारे आणि मोजण्यापूर्वीच हो म्हणणारे, दोघांनाही आपण सारखेच थांबवावे. वऱ्हाडच्या बांधवांना आपण जो न्याय देऊ तोच मुरबाडसाठी मागू. आणि मुरबाडसाठी जो मागू तो वऱ्हाडला नाकारणार नाही.

तक्त्याचे कागद चिटणिसांपाशी तयार आहेत. भोजनोत्तर प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एक कागद घेऊन जावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.